१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येचे गुणधर्म कोणते, आणि संगणक तिचा शेवटचा अंक शून्य का दाखवतो?

प्रश्न
लेखन : फळा_खडू

सर्व सभासदांस नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना गणित शिकवतो. वर्ग आणि वर्गमूळ हा भाग शिकवताना मी फळ्यावर ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ अशी उतरंड मांडली आणि नऊ एक ओळीने लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येपर्यंत ती घरी पूर्ण करून आणावी, असे मुलांना सांगितले. अपेक्षित उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ हे होते आणि बहुतेकांनी ते नमुना पाहून अंदाजानेच लिहून आणले. एका मुलीने मात्र घरच्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये गुणाकार करून पाहिला, तर तिला १२३४५६७८९८७६५४३०० हे उत्तर मिळाले. तिच्या भावाने तोच गुणाकार ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला करायला लावला, तेव्हा शेवटी ३२० आले. तिने वर्गात उभे राहून विचारले, "सर, विषम संख्येला विषम संख्येने गुणल्यावर सम संख्या कशी येईल?" त्या तासाला पुढचे काहीही शिकवून झाले नाही.

संगणकाचे उत्तर चुकीचे आहे एवढे मी शेवटच्या अंकावरून पटवून दिले. परंतु दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या चुका का झाल्या, हे मला नीट सांगता आले नाही. त्यानंतर माझ्याही मनात काही प्रश्न राहिले आहेत. हा नमुना नऊ एकांपर्यंतच का टिकतो? या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव कोणते? आणि मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती याची, की या संख्येत जी शोभा आपल्याला दिसते ती खरोखर त्या संख्येची आहे, की आपण ती दहाच्या पायात, म्हणजे दशमान पद्धतीत, लिहितो म्हणून दिसणारी आहे? उत्तरे मुलांना वाचून दाखवण्याचा विचार आहे, म्हणून कृपया पायऱ्या गाळू नयेत.


उत्तर
लेखन : हातचा_एक

सर, नमुना का तयार होतो आणि का मोडतो हे उभ्या गुणाकारातच दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना आपण १११११११११ हीच ओळ नऊ वेळा लिहितो, फक्त प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून. चौकटीच्या वहीत हे लिहून पाहिले, तर सर्वांत उजवीकडच्या स्तंभात एकच १ येतो, त्याच्या डावीकडच्या स्तंभात दोन, मग तीन, असे करत मधल्या स्तंभात बरोबर नऊ एक येतात आणि तिथून पुढे ते एकेकाने कमी होत जातात. प्रत्येक स्तंभाची बेरीज ९ किंवा त्याहून कमी असल्यामुळे कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तराचे अंक बनतात. नमुन्यामागचे कारण एवढेच आहे.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा एक येतात, शून्य लिहून हातचा एक घ्यावा लागतो, तो डावीकडच्या नऊमध्ये मिळून तिथेही दहा होतात, पुन्हा हातचा, आणि तो पुढच्या आठमध्ये मिळून नऊ होतात. म्हणून ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. उजवी बाजू शाबूत राहते, डाव्या बाजूतला ८ नाहीसा होतो आणि संख्या उलटसुलट सारखी वाचता येत नाही. ज्यांनी १ भागिले ८१ हा भागाकार कधी केला असेल, त्यांना हा हरवलेला ८ ओळखीचा वाटेल, कारण त्याचे उत्तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे आवर्ती येते आणि तिथेही ८ गायब होण्याचे कारण हाच हातचा आहे.

आता संगणकाविषयी. स्प्रेडशीट आणि जावास्क्रिप्ट हे दोन्ही साधारणपणे प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या (शून्य किंवा एक मावणाऱ्या ६४ जागांच्या) द्विमान, सरकत्या बिंदूच्या (फ्लोटिंग पॉइंट) रूपात साठवतात आणि त्यांतले ५३ बिटच प्रत्यक्ष अंकांसाठी उपयोगी पडतात. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक साठवता येतात. त्याच्या पुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्यांनाच जागा असते. आपली संख्या या मर्यादेच्या पलीकडची आहे आणि विषम आहे, त्यामुळे ती साठवणे यंत्राला शक्यच नसते. तिच्या दोन्ही बाजूंचे शेजारी ३२० ने आणि ३२२ ने संपणारे आहेत आणि दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. अशी बरोबरी झाली की ज्याचा शेवटचा बिट शून्य आहे तो शेजारी घ्यायचा असा नियम असतो. ३२० वाल्या संख्येचे निम्मे ६१७२८३९४९३८२७१६० ही सम संख्या आहे, म्हणून यंत्राने ३२० निवडले. स्प्रेडशीटने त्यावर आणखी एक गोष्ट केली : ती १५ सार्थ अंकच दाखवते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते, म्हणून शेवटी ३०० दिसले.

मुलीच्या भावाने जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही संख्यांच्या शेवटी इंग्रजी एन हे अक्षर जोडून गुणाकार करावा, म्हणजे ती भाषा त्यांना हव्या तेवढ्या लांबीचे पूर्णांक समजते आणि उत्तर अचूक मिळते. पायथन या भाषेत तर काहीच जोडावे लागत नाही. आपल्या विद्यार्थिनीने यंत्रावर विश्वास न ठेवता सम-विषमाची कसोटी लावली, याबद्दल तिचे माझ्यातर्फे कौतुक करावे.


उत्तर
लेखन : अवयव_शोध

अवयवांचे मी लिहितो. १११११११११ ची अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तिला ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ येतो. इथेही ८ नाही, हे वरच्या उत्तराशी जुळते. पुढचे अवयव डोळ्यांनी दिसावेत यासाठी नऊ एकांचे तीन-तीनचे गट करावेत : १११,१११,१११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. यांपैकी १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या या सर्वांचा वर्ग, म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. हेच वर्गांच्या भाषेत लिहिले तर एक सुंदर गोष्ट हाती लागते. १११ चा वर्ग १२३२१ आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. म्हणजे आपली मोठी संख्या ही १२३२१ या तिच्याच धाकट्या भावंडाचा आणि त्याच भावंडाच्या अंकांमध्ये दोन-दोन शून्ये घालून ताणलेल्या रूपाचा गुणाकार आहे. १२३२१ गुणिले १००२००३००२००१ हा गुणाकार मुलांनी हाताने जरूर करावा, कारण १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१ या पाच संख्या तीन-तीन घरे सरकवून मांडल्या की बेरीज करतानाच उत्तर उलगडत जाते.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे कशावरून, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारणारच. तिचे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित जास्त आहे, तेव्हा ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरधोपट मार्ग झाला. परंतु हे काम पुष्कळ कमी करता येते. समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते; मग ती १००१००१ ला आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजेच १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. जर १० च्या तिसऱ्या घातालाच बाकी १ उरत असती, तर १००१००१ ला भागून बाकी १ + १ + १, म्हणजे ३ उरली असती. ती शून्य व्हायची तर प ला ३ च असावे लागते, पण ३३३६६७ ची अंकांची बेरीज २८ असल्याने तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा बाकी १ यायला नववा घातच लागतो, आणि फर्माच्या लहान प्रमेयानुसार (प ने १० ला भाग जात नसेल तर १० च्या प − १ व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ च उरते) प − १ ला ९ ने भाग जायलाच हवा. प विषम असल्यामुळे प − १ ला १८ ने भाग जातो. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या १७ च आहेत : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. त्यांतली ३७ तर १० च्या तिसऱ्या घातालाच बाकी १ देते, म्हणून ती आधीच गळते. उरलेल्या सोळांपैकी एकीनेही भाग जात नाही. सोळा भागाकार एका तासात सहज होतात.

अवयव मिळाले की बाकीचे हिशेब सोपे आहेत. विभाजकांची संख्या (४ + १) × (२ + १) × (२ + १), म्हणजे ४५ आहे. ती विषम येणे अपेक्षितच आहे, कारण पूर्ण वर्गालाच विषम संख्येने विभाजक असतात. स्वतः ती संख्या सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, जी आपल्या संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे. तेव्हा आपली संख्या परिपूर्ण (जिच्यात ही बेरीज संख्येइतकीच येते) नाही, न्यून (जिच्यात ती कमी पडते) आहे.


उत्तर
लेखन : गणितप्रेमी_कोकण

वरील सविस्तर उत्तरांत एक साधी गोष्ट राहिली असे वाटते. उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांना ११ ने भाग जातो, त्यामुळे हिलाही ११ ने भाग जायला हवा.


उत्तर
लेखन : अवयव_शोध

महोदय, तो नियम अंकांची संख्या सम असेल तेव्हाच लागू होतो, उदाहरणार्थ १२२१ किंवा ५७७५. तेव्हा प्रत्येक अंक एकदा सम स्थानी आणि एकदा विषम स्थानी येतो व एकांतरित वजाबाकी शून्य होते. आपली संख्या सतरा अंकी आहे. विषम स्थानांच्या अंकांची बेरीज १ + ३ + ५ + ७ + ९ + ७ + ५ + ३ + १, म्हणजे ४१, आणि सम स्थानांच्या अंकांची ४०. तेव्हा ११ ने भागल्यास बाकी १ उरते.


उत्तर
लेखन : गणितप्रेमी_कोकण

मान्य आहे. शाळेत नियम पाठ केला होता, त्याची अट विसरलो.


उत्तर
लेखन : गोदाकाठ

फळा_खडू सर नाशिक जिल्ह्यातले आहेत म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. या संख्यांना डेमलो संख्या असे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) हे देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी शिकवण्याचेच काम केले. त्यांचा जन्म डहाणूचा, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले. विद्यार्थिदशेत, १९२३ साली, एका रेल्वे स्थानकावर असताना या प्रकारच्या संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी संख्यांचे नामकरण केले. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कामाची ओळख करून दिल्यावर परदेशी वाचकांनाही ते माहीत झाले.

काप्रेकरांची डेमलो संख्येची कल्पना १२१, १२३२१ एवढ्यापुरती नव्हती. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. डावा आणि उजवा मिळवल्यावर एकाच अंकाची पुनरावृत्ती असलेली संख्या यायला हवी आणि मधला भाग त्याच अंकाचा बनलेला हवा. आपल्या संख्येचे भाग १२३४५६७८, ९ आणि ८७६५४३२१ असे होतात. कडेचे दोन मिळवले की ९९९९९९९९ येतात आणि मध्ये ९ आहेच. एकांच्या ओळींच्या वर्गांतून मिळणाऱ्या संख्या हा या मोठ्या कुटुंबातला एक खास गट असून त्यांना त्यांनी अद्भुत डेमलो संख्या म्हटले.

त्यांचीच दुसरी कल्पना म्हणजे हर्षद संख्या : जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती, नावाप्रमाणे आनंद देणारी. आपल्या संख्येची अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग, मिळतो. तेव्हा ती हर्षदही आहे. मी सहज पाहिले तर नऊ अद्भुत डेमलो संख्यांपैकी १, १२३२१ आणि ही सर्वांत मोठी, अशा तीनच हर्षद निघाल्या. कारण असे, की न एकांच्या वर्गाची अंकांची बेरीज न चा वर्ग असते, आणि त्याने भाग जायचा तर न एकांच्या संख्येला न ने भाग जायला हवा; १ ते ९ मध्ये हे १, ३ आणि ९ लाच जमते.

अशा संख्यांचे कौतुक आपल्याकडे फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात गुणाकाराची जी उदाहरणे दिली त्यांत काहींची उत्तरे मुद्दाम गळ्यातल्या हारासारखी दोन्हीकडून सारखी येतील अशी निवडलेली आहेत. २७९९४६८१ गुणिले ४४१ हे त्यांपैकीच एक, आणि त्याचे उत्तर १२३४५६५४३२१ आहे, म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या. यामागची युक्ती अवयवांची आहे : सहा एकांची संख्या अंकांत लिहिताना माझा हात एक जास्तच एक लिहून जातो, म्हणून शब्दांतच सांगतो की एक लाख अकरा हजार एकशे अकरा म्हणजे २१ गुणिले ५२९१, आणि वरच्या दोन संख्या त्यांचेच वर्ग आहेत. त्याच ग्रंथात १२३४५६७९ गुणिले ९ हे उदाहरणही आहे, ज्याचे उत्तर नऊ एक येते.

संख्या मराठीत वाचायची कशी, हा प्रश्न मुले विचारतीलच. आजच्या पद्धतीने १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे स्वल्पविराम दिले, तरी रोजच्या वापरात कोटी-अब्जांच्या पुढे सहसा नाव सापडत नाही आणि कोटींचे कोटी म्हणावे लागतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दिलेली दशगुणोत्तर नावे घेतली तर मात्र ती एका दमात वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. त्या यादीतले परार्ध हे एकच नाव वापरायचे शिल्लक राहते.


उत्तर
लेखन : शंकासुर

सर्वांच्या परिश्रमांबद्दल आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. प्रश्नकर्त्यांचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. उलटसुलट सारखी असणे, अंकांची बेरीज, हर्षद, डेमलो हे सगळे संख्येच्या अंगावरचे कपडे आहेत. आपल्या हातांना आठ बोटे असती आणि आपण आठच्या पायात लिहीत असतो, तर नमुना सात एकांपर्यंतच टिकला असता. आठच्या पायात सात एकांची संख्या घेतली तर दहाच्या पायात ती संख्या २९९५९३ होते आणि तिचा वर्ग ८९७५५९६५६४९ येतो, ज्यात डौल म्हणून काही दिसत नाही. तीच संख्या आठच्या पायात १२३४५६७६५४३२१ अशी ऐटीत उभी असते. मग यातले गणित कोणते आणि लिपीचा योगायोग कोणता?


उत्तर
लेखन : हातचा_एक

शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. संख्येचे स्वतःचे गुणधर्म वेगळे काढायचे असतील तर ते असे : ती विषम आहे, पूर्ण वर्ग आहे, तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ आहेत, तिला ४५ विभाजक आहेत, ती न्यून आहे. कोणत्याही पायात, किंवा अगदी खडे मांडूनही, हे बदलणार नाही. अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म मात्र पाया बदलला की जातात, हे खरे.

तरीही त्या कपड्यांखाली एक गोष्ट आहे, जी कोणत्याच पायाची नाही. दहाच्या जागी क्ष लिहू या. मग नऊ एक म्हणजे १ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸ ही बहुपदी झाली आणि तिचा वर्ग

१ + २क्ष + ३क्ष² + … + ९क्ष⁸ + ८क्ष⁹ + … + क्ष¹⁶

असा येतो. चढउतार या सहगुणकांत आहे आणि तो क्ष च्या प्रत्येक किमतीला सत्य आहे. क्ष = १० ठेवले की आपली सतरा अंकी संख्या मिळते, कारण सर्व सहगुणक योगायोगाने दहापेक्षा लहान आहेत. क्ष = १०० ठेवले तर १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१ ही संख्या मिळते, आणि त्या मांडणीत नमुना नऊपर्यंत नव्हे, तर नव्व्याण्णवपर्यंत टिकतो. क्ष = २ ठेवले तर ५११ चा वर्ग २६११२१ मिळतो; गणित तेच असते, फक्त सहगुणक एकमेकांत मिसळल्यामुळे ते दिसत नाही.

आता या धाग्यातल्या बहुतेक गोष्टी याच एका ओळीतून कशा निघतात ते पाहा. क्ष = १ ठेवले की डावीकडे ९ चा वर्ग येतो आणि उजवीकडे सहगुणकांची, म्हणजे अंकांची, बेरीज; ती ८१ का, हे वेगळे सांगावे लागत नाही. क्ष = −१ ठेवले की डावीकडे १ उरतो, आणि १० ला ११ ने भागल्यास बाकी −१ मानता येते, म्हणून गणितप्रेमी_कोकण यांच्या शंकेतली बाकी १ तिथूनच मिळते. अवयवसुद्धा बहुपदीतच पडतात : (१ + क्ष + क्ष²) गुणिले (१ + क्ष³ + क्ष⁶). यात १० ठेवले तर १११ आणि १००१००१, २ ठेवले तर ७ आणि ७३, आणि १ ठेवले तर ३ आणि ३. आठच्या पायातल्या २९९५९३ च्या मागेही हीच बहुपदी सात पदांपर्यंत तोडलेली आहे. काप्रेकरांनी रेल्वे स्थानकावर पाहिली ती तिची दशमान सावली होती, एवढेच म्हणता येईल. पण सावलीवरून वस्तू ओळखणे हाही गणिताचाच भाग आहे, असे माझे मत आहे.


उत्तर
लेखन : शंकासुर

क्ष = १ ठेवून अंकांची बेरीज काढण्याची ही रीत मी कधी पाहिली नव्हती. आक्षेपाचा अर्धा भाग मागे घेतो. उरलेला अर्धा, म्हणजे हर्षद वगैरे नावांविषयीचा, तूर्त राखून ठेवतो.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
लेखन : फळा_खडू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदाकाठ यांनी सहा एक लिहिताना जो गोंधळ केला तो मुलांनीही केला, त्यामुळे वर्गात हशा पिकला आणि तेव्हापासून आम्ही एकांची संख्या वर लहान आकड्यात लिहू लागलो आहोत. काल दोन तास जोडून घेतले आणि चौकटीच्या वहीत सर्वांनी दहा, अकरा आणि बारा एकांचे वर्ग हाताने काढले. उत्तरे १२३४५६७९००९८७६५४३२१, १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आणि १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१ अशी आली. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता तिने अंकांच्या बेरजा काढल्या : ८२, ८५ आणि ९०. दहाचा वर्ग १००, अकराचा १२१, बाराचा १४४. म्हणजे अनुक्रमे १८, ३६ आणि ५४ कमी पडतात. तिचे म्हणणे असे, की पुढच्या वेळी ७२ कमी पडतील आणि हे असेच चालत राहील. ती बरोबर आहे का?


उत्तर
लेखन : हातचा_एक

बऱ्याच अंतरापर्यंत बरोबर आहे. प्रत्येक हातचा घेताना एका स्तंभातून दहा जातात आणि डावीकडच्या स्तंभात एक मिळतो, म्हणजे अंकांची बेरीज नऊने घटते. दहा एकांत हातचा दोनदा येतो, अकरांत चारदा, बारांत सहा वेळा, म्हणून तिला १८, ३६ आणि ५४ मिळाले. तेरांत आठ वेळा येईल आणि ७२ हा तिचा अंदाज खरा ठरेल. अठरा एकांपर्यंत हे असेच चालते, कारण तोवर प्रत्येक हातचा एकचाच असतो. एकोणीस एकांच्या वर्गात मात्र मधल्या स्तंभात एकोणीस एक आणि उजवीकडून आलेला एक मिळून वीस होतात, हातचे दोन घ्यावे लागतात, आणि ते डावीकडच्या अठरांत मिळून पुन्हा वीस होतात. त्यामुळे हातच्यांची बेरीज २० ऐवजी २२ होते आणि घट १८० ऐवजी १९८ ची होते. जाता जाता, एकोणीस एकांची ती संख्या मूळ संख्या आहे. दोन एकांच्या ११ नंतर एकांच्या ओळींत थेट तीच पहिली.